लाल बाण आणि काळा आकडा

नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीत पाणी तुंबलं. उटणं लावून, डोक्यावरून अंघोळ करून मी बाहेर आले. माझ्यामागनं मुलगी आत गेली आणि तिथनंच ओरडली, "आई, पाय बुडायला लागले!" नवऱ्यानं जाऊन जाळी उचलली. जाळीला चिकटून केसांचा जो पुंजका वर आला तो बघून त्यानं एवढंच विचारलं, "हे सगळं आजचं?"

आजचंच होतं. आदल्या दिवशी दिवाळीची साफसफाई म्हणून ती जाळी मीच घासली होती.

तसं पंधरा-वीस दिवस चाललंच होतं. उशीवर केस, पोळीच्या कणकेत केस, पतसंस्थेतल्या माझ्या खुर्चीच्या पाठीवर केस. एका खातेदार काकांनी पासबुकातनं केस काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला होता, काही न बोलता. पण दिवसाला पन्नास ते शंभर केस जातातच, हे कुठंतरी वाचलेलं, म्हणून मी मनाची समजूत घालत होते. त्या दिवशी समजूत संपली.

मग आमच्या कोल्हापुरातल्या सगळ्या मंगळवार पेठेनं निदान करून टाकलं. सासूबाईंचं मत धरणातनं येणाऱ्या पाण्यावर. "काळम्मावाडीचं पाणी आलं आन केसं गेली बघ." मी म्हटलं, आई, मग तुमचे का नाही गेले? तर म्हणाल्या, "माझी आता जायची काय ऱ्हायल्यात?" ऑफिसातल्या उचगावच्या मैत्रिणीचं म्हणणं, पाणी नाही, शांपू. शेजारच्या वहिनींचं म्हणणं, टेन्शन. सासूबाईंनी माका, जास्वंद आणि कोरफड घालून तेल कढवलं. घरभर दोन दिवस वास. तेलानं केस मऊ झाले आणि तितकेच गळले, फक्त आता बोटांना चिकटून यायला लागले.

मी मोबाईल बघून महाद्वार रोडवरच्या मेडिकलमधनं बायोटिनच्या, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या, गोळ्या आणल्या. दहा मिलिग्रॅमच्या. चिठ्ठी लागली नाही, कुणी काही विचारलंही नाही. सोबत लोहाचं एक टॉनिक घेतलं, कारण काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दोन्ही संगं चालतंय." रोज सकाळी उठलं की पहिलं काम ती गोळी. ही गोळी पुढं मला किती नाचवणार होती याची तेव्हा कल्पना नव्हती.

डिसेंबर उजाडला तरी फरक नाही. वेणी निम्म्यावर आलेली, रबर तीन वेढ्यांऐवजी पाच वेढे घ्यायला लागलं. मग एका रात्री मी ॲपवर 'केसगळती तपासणी पॅकेज' घेतलं. छापील किंमत साडेतीन हजार, सवलतीत पंधराशे. सत्तरच्या वर तपासण्या. पतसंस्थेत बारा वर्षं नोकरी करूनही मला हे सुचलं नाही, की एवढी सूट देऊन जे विकलं जातं ते माझ्या गरजेचं असेलच असं नाही. 'सत्तर' या आकड्याचा भार पडला. एवढ्यांत काहीतरी सापडेलच!

सकाळी पावणेसातला मोटरसायकलवरनं मुलगा आला. सोफ्यावर बसवून दंडाला पट्टा बांधला आणि तीन नळ्या भरल्या. जांभळ्या टोपणाची रक्तपेशी मोजायला, पिवळ्याची बाकी बहुतेक सगळ्याला, करड्याची साखरेला. मुलगा चांगला होता, हातही हलका. फक्त त्यानं एकच प्रश्न विचारला, "उपाशी आहात ना?" मी म्हटलं, हो, फक्त पाणी प्यालेय. पाणी आणि गोळी, हे मी सांगितलं नाही. गोळी म्हणजे खाणं थोडंच!

रिपोर्ट रात्री पावणेअकराला मोबाईलवर आला. एकोणीस पानं. जिथं आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर तिथं लाल अक्षर आणि शेजारी वर किंवा खाली बाण. मी अंथरुणावर बसून फक्त लाल तेवढं बघत गेले. ड जीवनसत्त्व १४, खाली बाण. चांगलं कोलेस्टेरॉल थोडं कमी. पांढऱ्या पेशींतली कुठलीशी एक जात किंचित जास्त. आणि मग थायरॉइड. टीएसएच ०.०३. थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स, टी-थ्री वर, टी-फोर वर. तीन ओळी, तिन्ही लाल.

लोह मात्र काळ्या अक्षरांत होतं, म्हणजे व्यवस्थित. हिमोग्लोबिन १२.१, तेही काळं. ती पानं मी पुढं ढकलली.

बाकीच्या रात्री जे व्हायचं तेच झालं. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या ग्रंथीनं थायरॉइडला दिलेली हाळी. थायरॉइड आळशी झाली की हाळी मोठी होते, आकडा चढतो. ती बेफाम सुटली की हाळी बंद होते, आकडा शून्याकडं जातो. माझी बेफाम सुटलेली. लक्षणांत छातीत धडधड होतं, ते वाचलं आणि धडधडायला लागलं. वजन घटणं होतं. डेंगीत तीन किलो गेलेच होते. डोळे बाहेर येणं होतं, म्हणून एक वाजता मी न्हाणीतल्या आरशासमोर उभी राहून डोळे बघत होते. केस गळणं तर यादीत होतंच. सगळं जुळलं!

सकाळी इचलकरंजीला नणंदेला फोन केला, कारण तिला थायरॉइड आहे. ती म्हणाली, "घाबरू नकोस गं, सगळ्यांस्नी असतंय. माझीच गोळी अर्धी घेऊन बघ, मी पाकीट पाठवून देतो." (आमच्याकडं बायका 'देतो, येतो, जातो'च म्हणतात. बाहेरचे लोक हसतात, हसू देत.) तिची थायरॉइड आळशी, म्हणून तिला हार्मोनची गोळी. माझी सुटलेली असती तर तीच गोळी म्हणजे आगीत तेल. रात्रभर वाचलं होतं म्हणून तेवढं तरी कळलं. नाहीतर मी घेतलीही असती, नणंदेनं मायेनं दिलेली म्हणून.

त्याच दिवशी लॅबच्या कॉल सेंटरवरनं एका मुलीचा फोन आला. माझे आठ आकडे 'चिंताजनक' आहेत आणि त्यांच्याकडं थायरॉइडचं पुढचं पॅकेज आहे, अँटिबॉडीसकट, आज घेतलं तर वीस टक्के कमी. मी पैसे भरायला कार्ड काढलंही होतं. नवऱ्यानं हातातनं फोन घेतला आणि म्हणाला, "आधी माणसाला दाखवू."

राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमची वेळ चार दिवसांनी मिळाली. मी एकोणीस पानांची प्रिंट काढून, फाईलला लावून, लाल ओळींवर पिवळं मार्कर मारून नेली होती. मॅडमनी फाईल हातात घेतली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि म्हणाल्या, "हे बघूच. आधी सांगा, दिवाळीच्या आधी तीन-चार महिन्यांत काय काय झालं?"

मला आधी कळेचना. केस आत्ता गळतायत आणि ह्या जुनं विचारतायत. मग आठवत गेले. श्रावणात डेंगी झाला होता. पाच दिवस दवाखान्यात, प्लेटलेट्स उतरलेल्या, घरी आल्यावर पंधरा दिवस भिंतीला धरून चालत होते. त्या म्हणाल्या, "हं. बोटं मोजा. ऑगस्ट ते ऑक्टोबर."

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. डोक्यावरचे बहुतेक केस, शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद, वाढत असतात. थोडे विश्रांतीला बसलेले असतात, दोन-तीन महिने बसतात आणि मग सुटतात. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट असं काही झालं की शरीर काटकसर करतं आणि वाढीला लागलेल्या केसांतले भरपूर केस एकदम विश्रांतीला धाडतं. ते लगेच पडत नाहीत. मुदत पुरी झाली की एकदम पडतात. म्हणजे न्हाणीची जाळी तुंबली दिवाळीत, पण हुकूम सुटला होता श्रावणात. पाणी, शांपू आणि तेल बिचारे नाहक बदनाम झाले.

मग त्यांनी केसांची एक बट, साधारण पन्नास-साठ केसांची, चिमटीत धरून मुळापासून टोकाकडं सावकाश ओढत आणली. चिमटीत आठ केस. दुसऱ्या बाजूनं तसंच, नऊ. ते पांढऱ्या कागदावर ठेवून मला दाखवले; प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका. मी तो ठिपका घरी बघितला होता आणि मूळच उपटून आलं म्हणून रडले होते. तर मूळ आतच असतं. ठिपका म्हणजे विश्रांती संपवून सुटलेल्या केसाची गाठ, मागनं नवा येतोच. नंतर एक दिव्याचं भिंग डोक्याला लावून भांग आणि मागची बाजू बघितली, दोन्हीकडचे केस सारख्याच जाडीचे आहेत का ते. आनुवंशिक विरळपणा असता तर भांगाकडचे केस बारीक होत गेलेले दिसले असते, असं म्हणाल्या. तसं दिसत नव्हतं.

इथवर रक्ताचा एक थेंबही लागला नव्हता.

आता प्रश्नांची दुसरी फेरी. हनुवटीवर केस येतात का? पाळी महिन्याच्या महिन्याला येते का? सांधे दुखतात, उन्हात गेल्यावर गालावर चट्टे येतात? नाही, हो, नाही, नाही. प्रत्येक उत्तराला त्या कागदावर काहीतरी खोडत होत्या. नंतर कळलं, त्या तपासण्या खोडत होत्या. पाळी वेळेवर आणि हनुवटी साफ, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या तपासण्या नकोत. सांधे-चट्टे नाहीत, म्हणजे एएनए, शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघणारी तपासणी, नको.

"पाळी किती दिवस?"

"सहा-सात."

"पहिल्या दोन दिवसांत पॅड किती वेळानं बदलता?"

मी म्हटलं, दोन तासांनी, कधी त्याच्याही आत. रात्री दोनदा उठते. खाली जुनी चादर घडी करून घालते. गाठी पडतात का? पडतात. किती वर्षं? मुलगी झाल्यापासनं, म्हणजे नऊ. कुणाला दाखवलं? मी म्हटलं, "दाखवायचं काय त्यात? सगळ्यांनाच असतं."

"सगळ्यांना नसतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवून नाही, अगदी साधं. मला मात्र खोलीतला पंखा एकदम ऐकू यायला लागला. नऊ वर्षं त्या चादरीची घडी मी कपाटात वेगळी ठेवत होते. सासूबाईंना माहीत होतं, माझ्या आईला माहीत होतं. दोघींकडंही अशीच एक चादर असायची, म्हणून तिघींना ते रीतीसारखं वाटत होतं.

"मटण खाता?"

"कोल्हापूरची आहे, मॅडम!"

"आठवड्यातनं किती वेळा?"

"दर रविवारी. मधे बुधवारी अंडी."

"तुमच्या ताटात पीस किती असतात?"

ह्या प्रश्नाला मी अडकले. ताट डोळ्यांसमोर आणलं. पांढरा रस्सा दोन वाट्या, तांबडा दोन वाट्या, भाकरी, कांदा-लिंबू. पीस... राहिले तर एखादा. आधी नवरा आणि दीर जेवतात, मुलीला नळी लागते, मग मी आणि सासूबाई पातेल्यातला रस्सा वाटून घेतो. मला पीस नको असतात असं नाही. पण मी मागितलेत असंही आठवत नाही. दर रविवारी अर्धा दिवस मटणापाशी घालवून मी मटण खाते असं स्वतःला समजत होते. लोह पीसात असतं. रश्शात येते ती चव.

आणि ऑफिसात डबा दीडला, चहा पावणेदोनला. जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातलं टॅनिन जेवणातलं उरलंसुरलं लोह धरून ठेवतं. हेही त्यांनीच सांगितलं, आणि पतसंस्थेतल्या चहाच्या वेळेवर असा विचार बारा वर्षांत कुणी केला नव्हता.

मग फाईल. त्यांनी थायरॉइडच्या तीन ओळी वाचल्या, माझी नाडी बघितली, दोन्ही हात पुढं पसरायला लावले, बोटांवर कागद ठेवून थरथरतो का बघितला. कागद शांत. "धडधड?" मी खरं सांगितलं, रिपोर्ट वाचल्यापासनं. त्या हसल्या. "केसांसाठी काही गोळी चालू आहे?"

मी पर्समधनं बायोटिनचं पाकीट काढलं.

"रक्त दिलं त्या सकाळी घेतली होती?"

घेतली होती.

हे ऐकून तुम्हीही पाकीट बघाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बऱ्याच लॅबची यंत्रं रक्तातलं हार्मोन पकडायला बायोटिनचाच आकडा-कडी वापरतात: बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतं, त्या चिकटण्यावर सगळी मोजणी. रक्तातच बायोटिन ओसंडून वाहत असलं की यंत्राच्या कड्या तेच अडवून बसतं. मग टीएसएच आहे त्याहून कमी दिसतं आणि टी-थ्री, टी-फोर आहेत त्याहून जास्त. हुबेहूब सुटलेल्या थायरॉइडचं चित्र, आणि थायरॉइड आपली जागेवर. माणसाला दिवसाला साधारण तीस मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. माझी गोळी दहा मिलिग्रॅमची, म्हणजे तीनशे पटींच्याही वर. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ सालीच याबद्दल इशारा दिला होता, कारण हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचा आकडाही यानं खोटाच कमी येऊ शकतो. हे महाद्वार रोडवर पोचलेलं नव्हतं. उपाशी आहात का विचारणाऱ्यानं गोळीचं विचारलं असतं तर माझी एक रात्र वाचली असती. पण त्या मुलाला तरी कुणी शिकवलं होतं?

मी म्हटलं, मग लोह तर व्यवस्थित आलंय. त्यावर त्या म्हणाल्या, ह्या पॅकेजमध्ये रक्तातलं लोह मोजलंय, फेरिटिन नाही. रक्तातलं लोह सकाळ-संध्याकाळ बदलतं, टॉनिक घेतलं की चढतं. आणि टॉनिक चालू होतंच. फेरिटिन म्हणजे साठा. मला माझ्या भाषेत लगेच समजलं: हे चालू खात्यातली आजची शिल्लक दाखवतायत, मुदत ठेवीचं पान यात नाहीच. शरीर पैसे कमी पडले की आधी ठेव मोडतं. हिमोग्लोबिन बिचारं सगळ्यात शेवटी उतरतं. म्हणून १२.१ काळं.

नवरा आत्तापर्यंत गप्प होता, तो डिस्चार्जची फाईल काढून म्हणाला, "मॅडम, डेंगीच्या वेळी फेरिटिन केलेलं. ४१० आहे. भरपूर की!" मॅडम म्हणाल्या, अंगात ताप किंवा सूज असली की फेरिटिन उगाच चढतं; तेव्हाचा आकडा आजाराचा, साठ्याचा नव्हे. ताप जाऊन चार महिने झाले, आता करू, आता खरं बोलेल. लगे हात त्यानं स्वतःच्या कपाळाकडं बोट दाखवून विचारलं, "माझंही रक्त तपासू का?" त्याच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी मागं सरकलेली रेषा बघत त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं डोकं बघितलं तरी चालेल." पुरुषांच्या नेहमीच्या टकलाला बहुतेक वेळा रक्ताची गरजच पडत नाही. तो जिन्यावरनं उतरेपर्यंत फुगून होता.

तपासण्या चारच लिहून दिल्या. रक्तपेशी, फेरिटिन, टीएसएच-फ्री टी-फोर पुन्हा, आणि बी-१२. बायोटिन आजच बंद, चार दिवसांनी रक्त द्या. ड जीवनसत्त्व पुन्हा नको, कमी आहेच, ते भरून काढू. पण केस त्याच्यामुळंच गळतायत असं मी म्हणणार नाही. मी झिंक विचारलं, सेलेनियम विचारलं, कारण पॅकेजच्या जाहिरातीत होतं. त्यावर त्या म्हणाल्या, सेलेनियम कमी असल्यापेक्षा जास्त झाल्यानं केस जातात. मला बुलढाण्याचं आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस चार-आठ दिवसांत मुठीनं हातात आले, आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक आलं, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. टीव्हीवर बघताना त्या गावकऱ्यांची कीव केली होती आम्ही. आणि इथं मी स्वतः बरणीतनं काय काय गिळायला निघाले होते! 'अ' जीवनसत्त्वाचंही तसंच, फार झालं की केस जातात.

या खेपेला शाहूपुरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये गेले. दोन खोल्या, बाकडं, भिंतीवर जोतिबाचं कॅलेंडर. रक्त घेणारी मुलगी चंदगडकडची असावी बोलण्यावरनं. तिनं कागद वाचला आणि आपणहून विचारलं, "वहिनी, केसाची गोळी चालू हाय काय? बंद केलाय? किती दिस झालं?" मला तिचा हात धरावासा वाटला. म्हणाली, "मूठ घट्ट करा. मी टोचतो तवा कॅलेंडर बघा, कळनार बी न्हाई." मी जोतिबा बघितला. खरंच कळलं नाही. चारही मिळून हजाराच्या आसपास झाले.

संध्याकाळी रिपोर्ट आला, एकच पान. टीएसएच २.४. काळं. फ्री टी-फोर काळं. बी-१२ काळं. माझी सुटलेली थायरॉइड, बाहेर येणारे डोळे, नणंदेची अर्धी गोळी, कॉल सेंटरची अँटिबॉडी, सगळं चार दिवस गोळी न घेतल्यानं बरं झालं. फेरिटिन १३. तेही काळं, कारण शेजारी छापलेली मर्यादा १० ते १२०. मी घरी फोन करून सांगितलं, काहीच नाही निघालं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पेन काढलं आणि त्या काळ्या १३ भोवती गोल केला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता. लॅबनं छापलेली खालची रेषा १०. त्या दोन रेषांच्या मधे मी उभी होते, म्हणून बाण आला नाही. केसांसाठी तर त्यांना ४० च्या वर हवं असतं. सगळे डॉक्टर याच आकड्यावर एकमत नाहीत, हेही त्यांनी सांगून टाकलं. केस पाडले डेंगीनं. पण रिकाम्या तिजोरीवर नवे उभे राहायला वेळ लागेल, आणि तिजोरी दर महिन्याला कुठनं गळतेय ते आधी बघा. दोन्हींचा वाटा किती, ते मात्र रक्त सांगत नाही.

पुढचं भरभर सांगते. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, चहापासनं दोन तास लांब. पोटात गच्च झालं, शौचाला काळं झालं, ते होतंच म्हणाल्या. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडं सोनोग्राफी झाली, गर्भाशयात एक छोटा फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ, निघाला, पाळीच्या दिवसांपुरत्या गोळ्या मिळाल्या. पहिल्याच महिन्यात रात्री उठायला लागलं नाही. चादर कपाटातच राहिली.

ऑफिसात चहा मी सव्वातीनला घ्यायला लागले. एकटीनं. शिपाईदादा दोनदा गॅस पेटवायला लागतो म्हणून कुरकुरले, मग उचगावची मैत्रीण माझ्याबरोबर यायला लागली आणि आता चौघी आहोत.

रविवारचं अवघड गेलं. पहिल्या रविवारी मी माझ्या वाटीत चार पीस आधीच काढून फडताळात झाकून ठेवले, चोरल्यासारखे. सासूबाईंनी बघितलं. काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी दिरानं विचारलं, "मटण कमी आणलंय काय?" तर त्याच म्हणाल्या, "तेवढंच हाय. आज खाणारी वाढली."

केस लगेच थांबले नाहीत. जानेवारी तसाच गेला, संक्रांतीला हळदीकुंकवाला मी अंबाडा घालून वर गजरा लावून वेळ मारून नेली. फेब्रुवारीत एक दिवस जाळी स्वच्छ निघाली. पाडव्याच्या सुमारास भांगाच्या कडेनं, कपाळावर, इंचभराचे उभे केस दिसायला लागले. महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात, म्हणजे हिशेब बरोबर. वेणीत बसत नाहीत, वाऱ्यावर उभे राहतात, अगदी जावळ. मुलगी म्हणते, "आई, तुला करंट लागल्यासारखं दिसतंय."

तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा केलं. ३१. मॅडम म्हणाल्या, गोळ्या अजून तीन महिने. ॲपवरनं मला अजून मेसेज येतात. आता पॅकेजमध्ये अठ्ठ्याऐंशी तपासण्या आहेत म्हणे.

३१ चा कागद मी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवला होता. सासूबाई दोन दिवस येता-जाता त्याच्याकडं बघत होत्या. त्यांना वाचता येतं, पण चष्मा लावायचा आळस. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "जिना चढताना मला धाप लागत्या, चार वर्सं झाली."

मी विचारलं, बोलला का नाही?

"वय झालं की व्हतंयच की."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना ते कळलं असणार, कारण शेंगा तशाच ठेवून त्या उठल्या, लुगडं बदललं आणि म्हणाल्या, "चल, ते तुझं फेरि का काय ते माझंबी बघून येऊ."

लॅबमधली ती मुलगी होतीच. सासूबाईंचा हात म्हणजे शीर सापडेना, बांगड्या वर सरकवल्या, दोनदा टिचकी मारली. मी म्हटलं, आई, तिकडं कॅलेंडर बघा. त्या म्हणाल्या, "कशाला? रगात माझंच हाय की," आणि सुई आत जाऊन जांभळ्या टोपणाची नळी भरेपर्यंत टक लावून बघत राहिल्या.

रिपोर्ट संध्याकाळी सहाला द्यायचं म्हणालेत. आज रविवार नाही, तरी येताना त्यांनी पाव किलो खिमा घ्यायला लावला.